टेस्ट हलवताना आधी मोजा, मग मोडा

देवगडात मिरग लागला की आंब्याचा हिशेब थंडावतो. कॅनिंगच्या शेवटच्या गाड्या गेलेल्या असतात, रिकाम्या पेट्यांची थप्पी ताडपत्रीखाली गेलेली असते आणि फेब्रुवारीपासून दिवसातून दहादा वाजणारा आमचा फोन गप्प होतो. जामसंड्यात एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर आमचं तिघांचं ऑफिस आहे. आंबा गोळा करून मुंबईला पाठवणाऱ्यांसाठी लिहिलेला हिशेबाचा एक जुना प्रोग्रॅम आम्ही सांभाळतो. कुठल्या बागायतदाराच्या किती पेट्या आल्या, त्यात चार डझनी किती, पाच डझनी किती, वाहतूक-हमाली किती कापायची, आधी दिलेली उचल किती वळती करायची आणि शेवटी किती रुपयांची पट्टी द्यायची, हे सगळं तो करतो. हंगामात त्याला हात लावायची आमची छाती नाही. मोठी कामं सगळी पावसाळ्यात.

असंच एक काम एका जूनमध्ये काढलं आणि आमच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाला फोनवर सांगितलं की यंदा पावसाळाभर आम्ही टेस्ट एका फ्रेमवर्कवरून दुसऱ्यावर हलवतोय. त्यांना आम्ही सगळे काकाच म्हणतो. काकांना त्यातून एवढंच कळलं की चालत्या गोष्टीला आम्ही हात लावणार.

"चलता मां? मगे कित्याक हात लावतंस गो?"

प्रश्न रास्त होता आणि फोनवर मला त्याचं धड उत्तर देता आलं नाही. म्हणून हा लेख.

आधी टेस्ट म्हणजे काय ते बघू. समजा एका बागायतदाराच्या १० पेट्या आल्या, पेटीला २,००० रुपये भाव मिळाला. वाहतूक पेटीमागे ८० रुपये, हमाली २० रुपये. त्याने आधी ५,००० रुपये उचल घेतली आहे. पट्टी किती? २०,००० मधून ८०० गेले, २०० गेले, ५,००० गेले, उरले १४,०००. हे गणित मी कागदावर केलं. आता एक छोटासा प्रोग्रॅम लिहायचा, जो मोठ्या प्रोग्रॅमला हेच आकडे देतो आणि विचारतो, 'पट्टी किती?' उत्तर १४,००० आलं तर हिरवी टीक, दुसरं काही आलं तर लाल फुली. झाली टेस्ट. उत्तर आधीच ठाऊक असलेला प्रश्न, एवढाच तिचा जीव.

असे शेकडो प्रश्न साठले की त्याला टेस्ट सूट म्हणतात. पेट्या शून्य असल्या तर? उचल पट्टीपेक्षा जास्त असली तर? अर्ध्या पेट्या नासक्या निघाल्या तर? प्रत्येक प्रश्नामागे बहुधा कुणाचा तरी एखाद्या रात्रीचा मनस्ताप असतो. चूक एकदा पकडली की ती परत येऊ नये म्हणून टेस्ट लिहायची, अशी पद्धत आहे. त्यामुळे दहा-बारा वर्षं जुना टेस्ट सूट म्हणजे त्या प्रोग्रॅमच्या सगळ्या दुखण्यांची केसपेपरची फाइल असते.

आणि फ्रेमवर्क? प्रश्नपत्रिका म्हणजे टेस्ट, तर फ्रेमवर्क म्हणजे परीक्षा मंडळ. कुठल्या खोल्यांत परीक्षार्थी बसलेत ते शोधायचं, एकेकाला पेपर द्यायचा, पेपरआधी बाक पुसायचे, नंतर कोरे कागद परत घ्यायचे, निकाल जाहीर करायचा. प्रश्न मंडळाचे नसतात, तुमचेच असतात. मंडळ फक्त यंत्रणा चालवतं.

आता काकांचा 'कित्याक'. पायथन भाषेतल्या आमच्या टेस्ट दोन जुन्या मंडळांच्या भरवशावर होत्या. पहिलं, भाषेबरोबरच येणारं युनिटटेस्ट. त्याचं कूळ मजेशीर आहे. केंट बेक यांनी स्मॉलटॉक भाषेसाठी एसयुनिट लिहिलं होतं. १९९७ साली अटलांटातल्या एका परिषदेला जाताना झ्युरिकहून निघालेल्या विमानात बेक आणि एरिक गामा यांनी त्याचा जावा अवतार रचला, तो जेयुनिट. तोच साचा २००१ साली पायथनच्या २.१ आवृत्तीत युनिटटेस्ट म्हणून आला. पायथनची नावं ठेवण्याची रीत वेगळी असूनही युनिटटेस्टमधली नावं जावाच्या वळणाची का, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांना हे उत्तर. सासरी आलेल्या सुनेने माहेरचं बोलणं सोडलेलं नाही.

दुसरं मंडळ म्हणजे नोज. युनिटटेस्टवर चढवलेला सोयीचा थर. एके काळी सगळे तेच वापरायचे. त्याची शेवटची आवृत्ती, १.३.७, २०१५ साली निघाली आणि तिथेच ते थांबलं. पायथन मात्र पुढे जात राहिलं. २०२१ च्या ३.१० आवृत्तीत भाषेतली काही जुनी नावं गेली आणि नोज चालेनासं झालं. २०२३ च्या ३.१२ ने खुद्द युनिटटेस्टमधली बरीच जुनी टोपणनावं काढून टाकली. म्हणजे प्रोग्रॅम ठणठणीत, पण त्याची परीक्षा घेणारं मंडळच बंद पडलेलं. सुरक्षेसाठी सर्व्हरवर नवं पायथन घालणं भाग, आणि नव्या पायथनवर टेस्ट धावत नाहीत. टेस्टशिवाय प्रोग्रॅम बदलायचा म्हणजे काळोखात पाज उतरायची. जिथे जायचं होतं ते मंडळ म्हणजे पायटेस्ट. होल्गर क्रेकेल यांनी सुरू केलेलं, पायपाय नावाच्या प्रकल्पातून वाढलेलं आणि आज पायथनच्या जगात जवळजवळ सगळीकडे वापरलं जाणारं.

इथपर्यंत ऐकलं की माणसाला वाटतं, हे तर भाषांतराचं काम. जुन्यात 'असर्ट-ईक्वल' लिहून कंसात दोन आकडे देत, नव्यात नुसतं 'असर्ट' आणि मध्ये बरोबरीची दोन चिन्हं. शोधा आणि बदला. त्यासाठी तयार अवजारं आहेत, हल्ली चॅटबॉटही क्षणात करून देतो. आमच्या सगळ्यात धाकट्या सहकाऱ्याने सोमवारी काम हातात घेतलं आणि बुधवारी दुपारी भजी मागवली. ५६० टेस्ट धावल्या, ५५९ पास, नापास फक्त एक.

कोकण विभाग दहावीच्या निकालात वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो, त्यामुळे भरघोस टक्क्यांचं आम्हाला अप्रूप नाही. पण परीक्षेच्या निकालात एक गोष्ट छापलेली असते जी टेस्टच्या निकालात नसते: नावं किती जणांची नोंदली होती. जुन्या नोजवर आमच्या टेस्ट ६१२ होत्या. ५२ गेल्या कुठे? पायटेस्टने त्यांना नापास केलं नव्हतं. त्याने त्यांना हाकच मारली नव्हती. आणि ज्याला हाक मारली नाही तो गैरहजरांच्या यादीतही येत नाही.

या एका गोष्टीवर मी रेंगाळणार आहे, कारण अशा कामातली बहुतेक फसगत इथेच होते. मंडळ टेस्ट ओळखतं ती नावावरून, आणि प्रत्येक मंडळाचा नियम निराळा. युनिटटेस्टला फाइलचं नाव 'टेस्ट'ने सुरू झालेलं पुरतं. पायटेस्टला त्यापुढे खालची रेघ म्हणजे अंडरस्कोर लागतो, नाहीतर नावाच्या शेवटी 'अंडरस्कोर टेस्ट' असं लागतं. आमच्याकडे 'टेस्टपट्टी' नावाची एक फाइल होती, मध्ये रेघ नसलेली. तिच्यातल्या ३८ टेस्ट एका रेघेपायी वाऱ्यावर. नोज तर फारच उदार होतं. 'टेस्ट' हा शब्द नावात रेघेनंतर कुठेही आला तरी ते त्याला टेस्ट समजायचं. 'हमाली-टेस्ट' अशा उलट्या नावाची नऊ फंक्शनं, म्हणजे प्रोग्रॅमचे छोटे तुकडे, आमच्या एका जुन्या सहकाऱ्याने लिहिली होती. पायटेस्टला फंक्शनचं नाव 'टेस्ट'नेच सुरू झालेलं हवं. गेली ती नऊ.

तिसरी जागा जास्त आतली. नोजमध्ये एकाच फंक्शनमधून 'यील्ड' म्हणत एकामागून एक टेस्ट बाहेर काढता यायच्या. चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी, प्रत्येकीला तीन भाव, असं करत आमच्या एका फंक्शनमधून २४ टेस्ट निघत. पायटेस्टने ही सोय ४.० आवृत्तीत बंद केली. बंद केली म्हणजे काय केलं, ते बघण्यासारखं आहे. अशा फंक्शनला ते न धावताच 'हे नापास होणं अपेक्षितच आहे' असा शिक्का मारायचं, एक सूचना छापायचं आणि पुढे जायचं. एकूण निकाल पास. ८.४ आवृत्तीपासून त्यांनी शहाणपण करून तिथे सरळ चूक दाखवायला सुरुवात केली, पण आमची आवृत्ती त्याआधीची होती. सूचना छापल्या होत्या, नाही असं नाही. त्या इतर चाळीस सूचनांच्या गर्दीत होत्या, आणि त्या वेळी आम्ही भजी खात होतो.

आता हिशेब मांडा. ३८ आणि ९ आणि २४, झाले ७१. पण फरक तर ५२ चाच. मग १९ कुठून जास्तीच्या आल्या? इथे मी दोन दिवस घालवले आणि उत्तर सापडल्यावर हसावं की रडावं कळेना. लिनक्सवर प्रत्येक फाइलला परवानग्या असतात, त्यातली एक म्हणजे 'ही फाइल प्रोग्रॅम म्हणून चालवता येते'. नोजचा एक नियम असा की ज्या फाइलवर ही परवानगी आहे तिला हात लावायचा नाही. न जाणो, नुसती उघडताना काहीतरी भलतंच सुरू व्हायचं. कधी काळी कुणीतरी दोन फाइली पेनड्राइव्हवरून उतरवल्या होत्या. पेनड्राइव्हवरून लिनक्समध्ये आलेल्या फाइलींना बहुतेक वेळा ही परवानगी आपोआप चिकटलेली असते. त्या दोन फाइलींतल्या १९ टेस्ट जुन्या मंडळाखाली कित्येक वर्षं कधीच धावल्या नव्हत्या. पायटेस्टला परवानग्यांशी देणंघेणं नाही, त्याने त्यांना हाक मारली.

यातून घ्यायचं ते इतकंच की नुसती बेरीज जुळवू नका. आमच्या ७१ च्या जागी योगायोगाने १९ च टेस्ट गळल्या असत्या, तर ६१२ ला ६१२ जुळले असते आणि आम्ही निवांत झोपलो असतो. दोन्ही मंडळांना धावलेल्या टेस्टची नावं छापायला सांगायची, दोन याद्या शेजारी शेजारी ठेवायच्या आणि नावागणिक जुळवायच्या. बागेतून निघालेल्या पेट्या आणि मार्केटला उतरलेल्या पेट्या आपण जशा मार्का बघून जुळवतो, तसं.

जावावाल्यांना हेच दुखणं वेगळ्या जागी होतं. जेयुनिट ४ मधून ५ मध्ये जाताना टेस्टवर लावायची खूण दिसायला तीच असते, पण ती आणायची कुठून तो पत्ता बदलतो. जुन्या पत्त्यावरून आणलेली खूण राहून गेली आणि जुन्या टेस्ट चालवणारं व्हिंटेज इंजिन जोडलेलं नसलं, तर ती टेस्ट गुपचूप वगळली जाते. 'बिफोर'ची खूण 'बिफोर-ईच' करायची राहिली तर टेस्ट धावते, पण तिच्या आधीची तयारी होतच नाही.

तयारीचा विषय निघालाच आहे तर तो संपवू. प्रत्येक टेस्टआधी कोरी पाटी लागते. मागच्या टेस्टचे बागायतदार, त्यांच्या पेट्या, उचली, सगळं पुसलेलं. युनिटटेस्टमध्ये हे काम 'सेटअप' नावाचं फंक्शन करतं. पायटेस्टमध्ये त्यासाठी 'फिक्स्चर' असतात. फिक्स्चर ही फार सुंदर कल्पना आहे. टेस्टने नुसतं नाव घेऊन सांगायचं की मला भरलेलं खातं हवं, ते तयार होऊन हातात येतं आणि काम झालं की आवरलंही जातं. पण फिक्स्चरला सांगता येतं की तू दर टेस्टला नवा बनशील, की फाइलभर एकच राहशील, की शेवटपर्यंत एकच. वेळ वाचवायला माणसं शेवटचा पर्याय घेतात. बांगडा चिरलेल्या आडाळ्यावर न धुता आंबा कापावा, तसं होतं मग. एका टेस्टने ठेवलेली उचल दुसरीच्या पट्टीत येते. आधी धिमं आणि स्वच्छ करा. वेगाचं नंतर बघू.

त्यातच क्रमाची एक मेख आहे. युनिटटेस्ट एका वर्गातल्या (म्हणजे 'क्लास' नावाच्या एका गठ्ठ्यातल्या) टेस्ट नावाच्या अक्षरक्रमाने धावडवतं. त्या सुट्या करून पायटेस्टच्या पद्धतीने लिहिल्या की त्या फाइलमध्ये ज्या क्रमाने लिहिल्यात त्या क्रमाने धावतात. टेस्ट एकमेकींवर अवलंबून नसतील तर काही फरक पडत नाही. आमच्या होत्या. 'ॲडव्हान्स'ची टेस्ट 'बिल'च्या आधी धावून एक खातं मागे ठेवून जायची आणि 'बिल'वाली ते आयतं वापरायची. क्रम बदलताच भांडं फुटलं. हे बरंच झालं, ती टेस्ट मुळातच उधारीवर जगत होती.

आणखी एक, नोजवरून येणाऱ्यांसाठी. नोजच्या रीतीने साध्या वर्गात 'सेटअप' नावाचं फंक्शन लिहिलेलं असेल तर पायटेस्ट ८.० पासून ते बोलावत नाही. तिथे नाव 'सेटअप-मेथड' लागतं. तयारी झाली नाही म्हणून टेस्ट कोसळली तर कळतं तरी. तयारीचं काम फक्त पुसायचं असेल आणि पाटी योगायोगाने आधीच कोरी असेल, तर कळतही नाही.

इथवर झालं हजेरीचं आणि तयारीचं. पेपरातल्या प्रश्नाचा अर्थच बदलला तर काय, हा याहून वाईट प्रकार. पैशांच्या बाबतीत आमच्याकडे तो झाला.

दशांश चिन्हाचे आकडे कॉम्प्युटर काटेकोर साठवत नाही, त्यामुळे दोन रकमा 'जवळपास सारख्या' आहेत का, असं विचारावं लागतं. (रुपये-पैसे दशांशात ठेवूच नयेत, सगळं पैशांत पूर्णांकात ठेवावं, हे मलाही माहीत आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला तेव्हा माहीत नव्हतं.) युनिटटेस्टमधला 'जवळपास' म्हणजे फरक दशांशाच्या सात घरांपर्यंत शून्य. पायटेस्टमध्ये त्याच कामाला 'अप्रॉक्स' आहे आणि भाषांतर करणारी माणसं आणि अवजारं पटकन तेच घालून देतात. पण अप्रॉक्सचा 'जवळपास' रकमेच्या प्रमाणात वाढतो. वेगळं काही सांगितलं नाही तर रकमेच्या दहा लाखाव्या भागाएवढा फरक ते माफ करतं. १४,००० च्या पट्टीवर हा फरक दीड पैशाचाही नाही. पण एका व्यापाऱ्याची हंगामाची बेरीज जर १२,४०,००० असेल, तर एक रुपया चोवीस पैसे इकडे-तिकडे झाले तरी टेस्ट म्हणणार, बरोबर आहे. जुनी टेस्ट एका पैशालाही ओरडली असती. ओळ दिसायला तीच, नाव तेच, टीक हिरवी, आणि पहारेकऱ्याच्या डोळ्यांवर झापड. उपाय सोपा आहे. अप्रॉक्सला किती फरक चालेल ते आपण आकड्यात सांगायचं, अर्ध्या पैशाहून कमी. पण आधी कळायला हवं ना.

ते आम्हाला कळलं प्रोग्रॅम मोडून बघितल्यामुळे. या लेखातून एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला. टेस्ट पास होते हे बघून तिच्याबद्दल काहीच कळत नाही. ती नापास होऊ शकते का, ते बघावं लागतं. घर शाकारून झालं की आमच्याकडे पहिल्या पावसाची वाट बघतात, पण शहाणा माणूस मे महिन्यातच पाइप लावून कौलांवर पाणी सोडतो. आम्ही तेच केलं. प्रोग्रॅमची एक प्रत घेतली आणि तिच्यात मुद्दाम एक चूक घातली: हमाली वजा करायच्या जागी मिळवली. मग जुना सूट जुन्या मंडळाखाली आणि नवा सूट नव्याखाली चालवला. जुन्यात ज्या टेस्ट लाल झाल्या त्याच नव्यात लाल व्हायला हव्यात. चूक काढली, दुसरी घातली: पाच डझनी पेटी सहा डझनी म्हणून मोजली. मग उचल विसरली. मग प्रत्येक पट्टीतले सुटे पैसे टाकून दिले. या शेवटच्या चुकीला जुन्या सूटमधल्या दोन टेस्ट लाल झाल्या, नव्यातली एकही नाही. तिथे अप्रॉक्स सापडलं.

असं मोडकाम आपोआप करणारी अवजारं आहेत, पायथनसाठी म्युटमट, जावासाठी पिट, जावास्क्रिप्टसाठी स्ट्रायकर. या पद्धतीला म्युटेशन टेस्टिंग म्हणतात. ती जरूर वापरा, पण पहिल्या वीस चुका हाताने घाला, आणि आपल्या धंद्यात खरोखर होतात त्या घाला. हमाली उलटी पडली तर कोणाचा फोन येईल हे म्युटमटला माहीत नसतं.

मोडता मोडता अशाही टेस्ट हाती लागल्या ज्या जुन्यातही लाल होत नव्हत्या आणि नव्यातही नाहीत. सहा निघाल्या. सगळीकडे एकच चूक. 'बरोबर आहे का' विचारायच्या जागी 'खरं आहे का' विचारलं होतं आणि शेजारी अपेक्षित रक्कम, समजा ५००, लिहिली होती. 'असर्ट-ट्रू'मध्ये दुसरी जागा नापास झाल्यास छापायच्या निरोपाची असते. त्यामुळे रक्कम शून्य सोडून काहीही आली तरी ती टेस्ट पास, आणि शेजारचे ५०० हा नुसता निरोप. नवीन 'असर्ट' लिहिताना याचा जुळा भाऊ जन्माला येतो. जुन्या सवयीने सगळं कंसात घातलं, बरोबरीची अटही आणि निरोपही, तर पायथन त्याला दोन वस्तूंची जोडी समजतं, आणि भरलेली जोडी नेहमीच खरी. पायथन यावर इशारा देतं. इशारे वाचा हो. भजी नंतर.

अशा मेलेल्या टेस्ट सापडल्या की हात शिवशिवतात, लगेच दुरुस्त कराव्यात म्हणून. नका करू. हलवायचं काम आणि दुरुस्तीचं काम एकाच दिवशी केलं तर उद्या काही लाल झालं की ते कशामुळे झालं हे कोणीच सांगू शकत नाही. आम्ही वेगळ्या वहीत नोंद ठेवली आणि ती वही ऑगस्टमध्ये उघडली. त्याच कारणासाठी पायथनची आवृत्ती आणि फ्रेमवर्क एकदम बदललं नाही. पायथन ३.९ वर नोजही चालतं आणि पायटेस्टही, म्हणून आधी तिथे थांबलो, दोन्ही सूट शेजारी चालवले, जुळले, तेव्हा पुढच्या पायथनवर गेलो.

सगळं एकदम लिहून काढायचीही गरज नसते, हे पायटेस्टचं मोठं सौजन्य. युनिटटेस्टच्या रीतीने लिहिलेले वर्ग ते जसेच्या तसे चालवतं. सामान आहे त्या खोक्यांत नव्या घरी आणून टाकायचं आणि एकेक खोका सवडीने उघडायचा. आमचे तीन-चार खोके अजून बंद आहेत. त्यांनी काही बिघडत नाही.

आता त्या एका नापास टेस्टकडे येते. पहिल्या दिवशी ५५९ पास आणि एक नापास म्हणताना आम्ही तिघांनीही धरून चाललो होतो की नव्या मंडळाची काहीतरी खोड असणार. सहकाऱ्याने ती चॅटबॉटला दाखवली, तर त्याने तत्परतेने अपेक्षित रक्कम बदलून टेस्ट हिरवी करून दिली. हे ते लोक, म्हणजे ती यंत्रं, फार करतात. त्यांना हिरवं करायला सांगितलेलं असतं, ते हिरवं करतात. सुदैवाने तो बदल आम्ही ठेवला नाही, आणि याद्या जुळवताना कळलं की ही टेस्ट त्या पेनड्राइव्हवाल्या १९ मधली. जुन्या मंडळाखाली ती कधी धावलीच नव्हती. म्हणजे ती हलवताना बिघडली असं म्हणायला काही आधारच नव्हता.

तिने विचारलेला प्रश्न असा होता. मार्चअखेरच्या पट्टीपेक्षा उचल जास्त आहे. उरलेली उचल एप्रिलच्या पहिल्या पट्टीत वळती झाली पाहिजे. प्रोग्रॅम म्हणत होता, उरलेली उचल शून्य. आंब्याचा हंगाम फेब्रुवारी-मार्चात सुरू होऊन मे-जूनमध्ये संपतो आणि आर्थिक वर्ष बरोबर मध्ये, ३१ मार्चला. कधीतरी कुणीतरी वर्ष बदलण्याचा भाग नव्याने लिहिला होता आणि त्यात शिल्लक उचल पुढे न्यायचं राहून गेलं होतं. ही चूक होऊ शकते हे आणखी आधी कुणाला तरी सुचलं होतं, त्याने नेमकी टेस्टही लिहिली होती. ती दार बंद करून ओरडत होती.

गिऱ्हाइकांना फोन करायची पाळी माझ्यावर आली. एकाची उचल खरोखरच बुडालेली निघाली. ते कसं निस्तरलं तो वेगळा विषय आणि इथे सांगण्याजोगा नाही. सगळ्यात शेवटी काकांना लावला, कारण सगळ्यात जास्त उचल तेच देतात. धीर करून सगळं सांगितलं. पलीकडे जरा वेळ पावसाचाच आवाज.

"अगो, ता माका म्हायत आसा. मार्चची उचल मी दर वर्सा वयीत बघून हातान घालतंय. तुका सांगूचा रवला."

दुसऱ्या दिवशी स्कूटर काढून त्यांच्याकडे गेले आणि ती वही मागून आणली. लाल कापडी बांधणीची, प्रत्येक एप्रिलच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने नावं आणि रकमा. त्या पानांवरून नव्या टेस्ट लिहिल्या, एकूण ३१ झाल्या. आणखी चार झाल्या असत्या, पण एक पान ओल लागून चिकटलंय आणि काका म्हणतात ते उन्हाळ्याशिवाय उलगडायचं नाही.